जुन्या संगणकास नवा आधार : पेन ड्राइव्हवरील कार्यप्रणाली

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध गाव मागे टाकून घाट चढू लागतो. कोकण आणि देश यांना जोडणारी ही जुनी वाट पावसाळ्यात दरडींच्या भयाने वारंवार बंद ठेवावी लागते. वीज, दूरध्वनी आणि रस्ता या तिहींपैकी एकाचाही भरवसा त्या दिवसांत धरता येत नाही. दिनांक २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच सायंकाळी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि संपर्काची साधने बंद पडल्यामुळे ती वार्ता बाहेर पोहोचण्यासही विलंब लागला. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

माणसांच्या हानीपुढे कागदपत्रांची हानी गौण होय. तथापि पूर ओसरल्यावर जो वाचला त्यास पंचनाम्यासाठी, अनुदानासाठी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी नोंदीच लागतात. घर वाहून गेले तरी ते घर होते हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीवरून दाखविता येते. अशा नोंदी आज पुष्कळ ठिकाणी संगणकावर तयार होतात. तो संगणक सुरूच झाला नाही, तर त्याच्या पोटातील नोंदी असून नसल्यासारख्या होतात.

संगणक सुरू न होण्याची कारणे पुरापेक्षा साधीही असतात. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणास ‘संग्राम’ प्रकल्पाने २०११ पासून गती दिली. शाळांतील संगणक कक्षही त्याच सुमारास उभे राहू लागले. त्या काळातील यंत्रे आता वृद्ध झाली आहेत. अशातच मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि त्यानंतर मर्यादित मुदतीची वाढीव सेवा तेवढी उरली. पुढील विंडोज ११ या प्रणालीस किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक यंत्रांत या सर्व गोष्टी एकत्र सापडत नाहीत. यंत्राचा पडदा, कळफलक, विद्युत्पुरवठा सारे धड असते, आणि तरीही त्याची रवानगी निकामी सामानाच्या खोलीत होते. अशा यंत्रांकडे पुन्हा एकदा पाहण्याची वाट पाच-सहाशे रुपयांच्या एका पेन ड्राइव्हने दाखविली आहे.

यंत्र वेगळे, यंत्रणा वेगळी

संगणक विकत घेतला की त्यातील कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, हा त्या यंत्राचाच एक भाग आहे असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. कार्यप्रणाली हा आज्ञावलींचा एक मोठा संच असून तो केवळ सोयीसाठी यंत्राच्या हार्ड डिस्कवर ठेवलेला असतो. कळ दाबताच मदरबोर्डवरील एक लहानशी कायम आज्ञावली जागी होते. तिला जुन्या यंत्रांत बायोस आणि नव्यांत यूईएफआय म्हणतात. ही आज्ञावली कार्यप्रणालीचा शोध ठरलेल्या क्रमाने घेते. या क्रमात हार्ड डिस्कच्या आधी पेन ड्राइव्हला स्थान दिले, तर यंत्र पेन ड्राइव्हवरील प्रणाली घेऊन सुरू होते. हार्ड डिस्कला स्पर्शही होत नाही. किंबहुना ती काढून ठेवली, तरी चालते.

पेन ड्राइव्हवर प्रणालीचा सारा मजकूर दाबून, घट्ट बांधलेल्या गाठोड्यासारखा भरलेला असतो. तो केवळ वाचता येतो. काम करताना जे बदल होतात ते रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, एका वेगळ्या थरावर लिहिले जातात. शिक्षकांस ही कल्पना सहज उमगावी. छापील पुस्तकाच्या पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर विद्यार्थ्याने गिरविले, तर डोळ्यांस दोन्ही एकत्र दिसते, पण कागद उचलताच पान कोरेच्या कोरे राहते. यंत्र बंद केले की हा वरचा कागद नाहीसा होतो. पन्नास मुलांनी हाताळलेला संगणक दुसऱ्या दिवशी पूर्ववत स्वच्छ मिळणे, हा शाळेच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे. वरचा कागद जपून ठेवायचा असल्यास पेन ड्राइव्हचा काही भाग त्यासाठी राखून ठेवता येतो. मग लिहिलेली पत्रे, केलेली मांडणी पुढील वेळी तशीच मिळतात, आणि तीही दुसऱ्याच एखाद्या यंत्रावर.

या युक्तीचा इतिहास फार जुना नाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स या प्रणालीचा गाभा सर्वांस खुला केला. त्याभोवती निरनिराळी उपयुक्त सॉफ्टवेअरे जमवून जे तयार संच निघतात, त्यांस वितरणे म्हणतात. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर याने २००० साली ‘क्नॉपिक्स’ हे असे वितरण काढले, जे केवळ सीडीवरून चालत असे. सातशे एमबीच्या तबकडीत सुमारे दोन जीबीचा मजकूर त्याने दाबून बसविला होता. त्याच वर्षी बाजारात आलेल्या पहिल्या पेन ड्राइव्हची क्षमता अवघी ८ एमबी होती. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर याने २००३ मध्ये आरंभिलेले ‘पपी लिनक्स’ तर इतके आटोपशीर की, ते संपूर्णपणे रॅममध्ये चढते आणि पुढे पेन ड्राइव्ह मंद असला तरी कामाचा वेग कमी होत नाही.

खैराटचा धडा

या विषयाशी रायगड जिल्ह्याचा जो संबंध आहे, तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही. कर्जत तालुक्यातील खैराट येथील धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. डोंगरातील ही छोटी शाळा, पटावर विसेक मुले. प्रत्येकाच्या हाती ‘एक्सओ’ नावाचा हिरवा-पांढरा लहान संगणक आला. त्याचा वेग ४३३ मेगाहर्ट्झ आणि रॅम २५६ एमबी, म्हणजे आजच्या साध्या भ्रमणध्वनीच्याही कितीतरी खाली. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. १ जीबीच्या फ्लॅश स्मृतीवर, म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये असते त्याच जातीच्या साठवणीवर, लिनक्सवर आधारलेली ‘शुगर’ ही मुलांसाठी रचलेली प्रणाली चालत असे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी या शाळेतील मुलांच्या कामाचा पाठपुरावा केला.

‘एक्सओ’ संगणकांचा तो उपक्रम जगभरच पुढे ओसरला. त्याची कारणमीमांसा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. यंत्रे मात्र मागे पडली तरी प्रणाली मागे पडली नाही, हे येथे महत्त्वाचे. वॉल्टर बेंडर यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या ‘शुगर लॅब्ज’ या संस्थेने जून २००९ मध्ये तीच प्रणाली १ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बसवून प्रसृत केली. मुलाने तो खिशात घालावा, शाळेतील कोणत्याही संगणकास लावावा आणि कालचे अपुरे चित्र, कालचा निबंध तेथून पुढे चालू करावा, अशी ती कल्पना. प्रत्येक मुलास एक यंत्र देणे ज्यास परवडत नाही, त्याने प्रत्येक मुलास निदान त्याचे दप्तर द्यावे, असाच तिचा अर्थ होता. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतील कुटुंबे कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याकडे जातात आणि मुलांच्या शाळा मध्येच बदलतात. तेथे या विचारास वेगळेच मोल येते.

आपल्या देशात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ च्या जानेवारीत ‘बॉस’ नावाचे लिनक्स वितरण प्रसिद्ध केले. भारतीय भाषांतून काम करण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य असून शाळांसाठी त्याची ‘एज्युबॉस’ ही स्वतंत्र आवृत्तीही निघाली. केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळ राज्याने तर आपल्या शासकीय शाळांतील संगणक शिक्षण याच मार्गाने नेले. यास्तव ही कोण्या हौशी मंडळींची क्लृप्ती आहे, असे समजण्याचे कारण नाही.

तयारी कशी करावी

प्रथम यंत्राची प्रकृती पाहावी. रॅम २ जीबी असल्यास ‘एमएक्स लिनक्स’, ‘लुबुंटू’ यांसारखी हलकी वितरणे चालतात. त्याहून कमी असल्यास ‘पपी’ किंवा ‘अँटिएक्स’ पाहावे. यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, याची खात्री करून घेणे अवश्य आहे. अनेक वितरणांचे मूळ असलेल्या ‘डेबियन’ने ऑगस्ट २०२५ मधील आपल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांसाठी स्वतंत्र स्थापना संच देणे बंद केले आहे. त्याच्या बाराव्या आवृत्तीस सुरक्षा दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे अगदी जुन्या यंत्रांस मिळणारी ही सवलतही मुदतीची आहे.

वितरणाची फाइल त्याच्या मूळ संस्थेकडूनच घ्यावी. कोणा परिचिताकडून आलेली प्रत, कितीही सोयीची असली तरी, कार्यालयीन यंत्रास लावू नये. मूळ संस्था फाइलसोबत चौसष्ट अक्षरांचा एक पडताळा प्रसिद्ध करते. उतरविलेल्या फाइलचा पडताळा काढून तो त्याच्याशी जुळविला की, फाइल अपुरी उतरली नाही आणि तिच्यात कोणी हात घातला नाही, हे कळते. घाटाखालच्या गावात, जेथे जोडणी मध्येच तुटते, तेथे अपुरी फाइल ही नित्याची गोष्ट आहे. हा पडताळा पाच मिनिटांत होतो, आणि तो न केल्यास अख्खी दुपार वाया जाते.

पेन ड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचा घ्यावा. येथे नवशिक्यांकडून एक चूक हमखास होते. फाइल नुसती पेन ड्राइव्हवर नेऊन ठेवली म्हणजे काम झाले, असे त्यांस वाटते. तसे केल्याने यंत्र सुरू होत नाही. ‘रुफस’, ‘एचर’ किंवा ‘व्हेंटॉय’ यांसारख्या विनामूल्य साधनाने ती फाइल उलगडून लिहावी लागते किंवा तो पेन ड्राइव्ह आधी सज्ज करून घ्यावा लागतो. या क्रियेत पेन ड्राइव्हवरील पूर्वीचा सर्व मजकूर पुसला जातो. लग्नाची छायाचित्रे असलेला घरचा पेन ड्राइव्ह या कामी आणू नये.

यानंतर यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह लावावा आणि सुरू करतानाच ठराविक कळ दाबून निवडीचा तक्ता उघडावा. डेल आणि लेनोव्हो यांच्या बहुतेक यंत्रांवर ही कळ एफ-१२, तर एचपीच्या यंत्रांवर एफ-९ किंवा एस्केप असते. यंत्राच्या काही खाचा आतून निळ्या असतात. त्या जलद असल्याने पेन ड्राइव्ह तेथेच लावावा. नव्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा काही लहान वितरणांस अडविते. ती बंद करण्यापूर्वी त्या यंत्राची डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद आहे काय, याची चौकशी करावी. तशी असल्यास पुढे विंडोज सुरू करताना अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते, आणि ती कोणाकडेच नसल्याचे त्या वेळी आढळून येणे फार महागात पडते.

मराठी लेखनाची अडचण राहत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक बहुतेक वितरणांत असतोच. ‘लोहित’ हे देवनागरी अक्षरवळणही पुष्कळांत मिळते. ‘लिब्रेऑफिस’मध्ये पत्रे, तक्ते, पत्रके तयार होतात. अडचण येते ती जुन्या मजकुराची. युनिकोडपूर्व काळात डीव्ही-सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या अक्षरवळणांत टंकलिखित झालेली टिपणे येथे उघडली असता अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. कागदपत्र बिघडले, असा त्याचा अर्थ नव्हे. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे लागते. हे काम कधीतरी करावेच लागणार आहे, मग प्रणाली कोणतीही असो.

हलक्या प्रणालीकडून अवास्तव अपेक्षाही करू नये. प्रणाली कितीही हलकी असली, तरी आजची संकेतस्थळे जड आहेत. १ जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरची तीन-चार पाने एकदम उघडली की यंत्र अडखळू लागते. ग्रामपंचायतीची देयके अदा करण्यासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची चावी लिनक्सवर चालेलच, अशी हमी देता येत नाही. चावीच्या उत्पादकाने त्यासाठी सॉफ्टवेअर दिले असेल तरच ती चालते. म्हणून वित्तीय कामाचे यंत्र वेगळे आणि अद्ययावत असावे. पत्रव्यवहार, इतिवृत्ते, सभेच्या सूचना, शाळेतील पाठ आणि सराव यांसाठी जुने यंत्र पुरेसे आहे.

बंद पडलेल्या यंत्रातून नोंदी काढणे

एखाद्या सकाळी ग्रामपंचायतीचा संगणक सुरू होत नाही. निळा पडदा येतो आणि थांबतो. दुरुस्तीस बोलाविलेला कारागीर यंत्र पाहतो आणि ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगतो. कामाची घाई असते, होकार दिला जातो, आणि कित्येक वर्षांचा मजकूर अर्ध्या तासात पुसला जातो. त्यात कारागिराचा दोष असतोच असे नाही. त्यास यंत्र सुरू करून हवे असते आणि तो ते करून देतो.

अशा वेळी पेन ड्राइव्हवरील प्रणाली खरी उपयोगी पडते. विंडोज मोडली असली तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे, फाइलींच्या खिडकीत ती डिस्क दिसते, ती उघडावी आणि लागणारा मजकूर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ पद्धतीने अर्धवट बंद झालेली असेल तर डिस्क केवळ वाचता येते. नकलेसाठी तेवढे पुरे, आणि त्या स्थितीत तिच्यावर काही लिहिण्याचा हट्ट धरू नये. कारागिरास होकार त्यानंतर द्यावा. यंत्र पुराच्या पाण्यात भिजले असल्यास मात्र हा उपाय नाही. ते यंत्र वाळले असे वाटले तरी सुरू करू नये. आतील गाळ आणि ओल यांमुळे वीज लागताच डिस्क कायमची निकामी होण्याचा संभव असतो. ती डिस्क तशीच काढून तज्ज्ञाकडे द्यावी.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. ज्या सहजतेने ग्रामपंचायत अधिकारी आपल्या यंत्रातील नोंदी वाचवितो, त्याच सहजतेने एखादा तिऱ्हाईत, कार्यालयात दहा मिनिटे एकटा सापडल्यास, पेन ड्राइव्ह लावून त्या वाचू शकतो. विंडोजचा परवलीचा शब्द त्यास अडवू शकत नाही, कारण विंडोज सुरूच झालेली नसते. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांची माहिती ज्या यंत्रात आहे, त्याची डिस्क कूटबद्ध असावी, बायोसला परवलीचा शब्द असावा आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून कपाटात कुलपाखाली असावी. कार्यालयीन यंत्रास अशी प्रणाली लावण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी अनुमती घ्यावी, हेही ओघानेच आले.

पेन ड्राइव्हची निगा

पेन ड्राइव्ह ही टिकाऊ वस्तू नव्हे. त्यातील स्मृतीपेशींवर ठराविक वेळाच लिहिता येते, आणि स्वस्त मालात ती मर्यादा लवकर येते. कार्यप्रणाली तर सतत काहीतरी लिहीत असते. त्यातच तो एसटीत पडतो, कपड्यांबरोबर धुतला जातो, वीज गेली असता लिहिण्याच्या मध्यातच तुटतो. वीज वारंवार जाते तेथे मेजावरील संगणकापेक्षा, बॅटरी धड असलेला जुना लॅपटॉप या कामी अधिक भरवशाचा.

वरंधच्या परिसरातच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी तेथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. मुद्रणकला येथे रुजण्यापूर्वी असे ग्रंथ मठोमठी उतरविलेल्या नकलांच्या आधारे लोकांपर्यंत पोहोचले. डोंगरातील एकाच घळीत एकच पोथी ठेवून ते साधले नसते. पेन ड्राइव्हवरील मजकुराची एक नक्कल कार्यालयात, दुसरी पूररेषेच्या वर असलेल्या शाळेच्या किंवा अन्य शासकीय इमारतीच्या कपाटात आणि तिसरी तालुक्याच्या ठिकाणी, अशी व्यवस्था करण्यास फारसा खर्च येत नाही. ज्या पेन ड्राइव्हवर नागरिकांची माहिती आहे, त्याचा राखीव भाग कूटबद्ध करून ठेवावा. तसे केले असल्यास तो हरवला तरी हानी पेन ड्राइव्हच्या किमतीएवढीच राहते.

प्रत्येक पेन ड्राइव्हवर क्रमांक घालून त्याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत घ्यावी आणि तो कोणाच्या स्वाधीन आहे, ते लिहून ठेवावे. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्याच्या अखेरीस पाऊस लागण्यापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर, तो प्रत्यक्ष यंत्रास लावून सुरू होतो की नाही हे पाहावे, सुरक्षा दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात आणि मंद पडू लागलेला पेन ड्राइव्ह बदलावा. मे महिन्यातील तपासणी शिक्षकांच्या सुटीत येते. त्यामुळे शाळेने ती एप्रिलमध्ये, परीक्षा आटोपताच, उरकून घेणे सोयीचे.